उरुग्वेची चढती रेघ

मंगळवार, दिवेलागण झाल्यावर

दिगंबर आपल्या लातूरच्या आरागिरणीला सालभराचे पाइनचे ओंडके एकाच देशातून मागवायचे म्हणतो. जेवताना मोबाइलवरचा, कुठल्या देशातून किती लाकूड येतं त्याचा आलेख माझ्या नाकाशी धरला. "माय, बघ. न्यूझीलंडची रेघ खाली आली, उरुग्वेची चढायलीय. तिकडूनच घेऊ."

"खाली का आली? लाकूड सरलं, का घेणारे रुसले?"

"त्ये इथं लिहिलेलं न्हाई."

"मग कशाला उड्या मारतोस?"

सून हसली, तर तिच्यावर डाफरला.

आपलं गिऱ्हाईक मुरुड-मुखेडचं. दाराची चौकट उभी करताना हळद-कुंकू लावतात. त्यातून डिंक गळला तर अपशकुन म्हणून चौकट आणून आपल्याच दारात टाकतील. उरुग्वेच्या लाकडाला डिंक किती, ते कोणत्या रेघेत हाय? पण न्यूझीलंडचा माल खरंच येईना झाला तर आरा बंद पडंल. मला तरी कुठं कळतंय? ती रेघ डोळ्यापुढून हलंना.

"आधी एकच गाडी आण. चौकटी करून उन्हात ठेवून बघू," मी म्हणले.

त्यानं ताट सरकवलं. "व्यापाऱ्याला सकाळीच हाव म्हणलो, माय. साऱ्या मालाला."

"मग मला विचारलंस कशाला? बुडालो तर माझं नाव पुढं करायला?"

त्यानं मोबाइल उपडा ठेवला अन् सरकवलेलं ताट परत ओढून घेतलं.