खोडलेल्या शिरा

३ जून
डोळ्यांच्या दवाखान्यात रुजू झाले! आईने नव्या नवरीला द्याव्यात तशा सूचना देऊन धाडलं. काम सोपं आहे. पेशंटच्या डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढतात, त्यातल्या रक्तवाहिन्या कॉम्प्युटर आपोआप शोधतो आणि त्यांवर हिरव्या रेघा ओढतो. एखादी रेघ जास्तीची वाटली की मी ती खोडायची. डॉक्टर म्हणाले, यंत्र भारी उतावळं आहे, केस दिसला तरी शीर समजतं.

७ जून
हात बसला. आज एका पोस्टमनकाकांच्या उजव्या डोळ्यातली पुसटशी रेघ खोडली. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली.

११ जून
पोस्टमनकाका परत आले. उजव्या डोळ्यापुढे काळा पट्टा आलाय, जिन्याच्या पायऱ्या दिसत नाहीत म्हणाले. नवा फोटो काढला. मी रेघ खोडली होती, नेमकी तिथलीच शीर वाळून पांढरी पडली आहे. योगायोग असेल.

१४ जून
शिवणकाम करणाऱ्या एक मावशी आल्या. मंगळवारी मी त्यांच्या दोन रेघा खोडल्या होत्या. सुई पुढे करून म्हणाल्या, "एवढा दोरा ओवून दे गं, मला भोकच दिसेना." माझी नजर त्यांच्या डोळ्यांवरून हटेना. मीही ओवू शकले नाही.

१५ जून
यादी काढली. मी नऊ जणांच्या रेघा खोडल्या. नऊही जण परत आलेत.

१७ जून
डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते पोट धरून हसले. माझी भीती घालवायची म्हणून त्यांनी माझ्याच दोन्ही डोळ्यांचे फोटो काढले आणि डाव्यातली एक रेघ स्वतः खोडली. बघ, झालं काही? म्हणाले.

१८ जून
झालं. डावीकडे काळा पट्टा. रेघ पुन्हा ओढून द्या म्हणून त्यांच्या पाया पडले. ओढली. फरक नाही. मनाचे खेळ म्हणाले, रजेवर पाठवलं. कालच दोन्ही डोळ्यांचे फोटो काढले होते, ते पुसून टाका म्हटलं — हो म्हणाले.

२० जून
पुसले नाहीत. माझ्या जागी आलेल्या बाईंचा फोन आला. गोड बोलतात. खोडरबर कुठल्या बटणावर आहे, विचारत होत्या. डॉक्टरांनी सरावाला माझेच फोटो दिलेत. सकाळपासून अकरा रेघा —
ओरडले, थांबा म्हणून. साहेबांनी जेवणाआधी संपवायला सांगितलंय म्हणाल्या. फोन ठेवला.
आता उचलत नाहीत —
पानाच्या कडा गेल्या. मधलं एवढंसं —
आईला गाडी बोलवायला सांगितलं. ती चपला शोधतेय —
अंदाजाने लिहि—
आईला दिवा लाव म्हटलं. ती म्हणते, अगं, भर दुपारी दिवा कशा