दुखतंय म्हणायला शिकले

आई, तुझ्या घरात आजारी पडायची कुणाला मुभा नव्हती. एकदा तापानं फणफणून मी अंथरुणात पडून राहिले, तर तू पांघरूण ओढून म्हणालीस, "अंगाचं ऐकत बसलीस तर धारा कुणी काढायच्या?" मी उठले. मग तुझे ते शेवटचे दिवस. गोठ्यातून दारापर्यंत येताना तुला दम लागतोय, चुलीपुढं घाम पुसत तू सांगतेस, पित्त हाय. दवाखान्यात चल म्हटलं तर धार झाल्यावर जाऊ म्हणतेस. धार झाली आणि तू गोठ्यातच कोसळलीस. दिवसकार्याला आलेले सगळे म्हणत होते, बाई मरेपर्यंत राबली. कौतुकानं म्हणत होते. मला ते कौतुक आजवर पचलेलं नाही.

गेल्या वर्षी माझा उजवा खांदा आखडला. हात छातीच्या वर जाईना. कोल्हापुरात मी जिच्याकडं व्यायामाला जाते त्या मुलीनं भिंतीवर बोटं चढवत न्यायला सांगितली. पोचतील तिथं पेन्सिलीची खूण करायची. मी तुझीच लेक. दात आवळून रेटायची, मग ठणका लागायचा आणि खूण तिथल्या तिथंच. एकदा ती माझ्या जबड्याला बोट लावून म्हणाली, "काकू, खांद्याचं राहू दे, आधी हे सैल सोडा." तेव्हा ध्यानात आलं, हात वर नेताना मी श्वासच घेत नव्हते. भीतीनंच अर्धा खांदा धरून ठेवला होता. मग श्वास सोडत, दुखलं की थांबत गेले. खूण हळूहळू सरकली, पण मी तिच्याकडं बघायचं सोडलं. वेणी माझी मला घालता आली, दोरीवर साडी टाकता आली, तेवढ्यावरून मला कळत होतं.

यंदा गावच्या जत्रेला भावाकडं गेले. पावणं दारात, परातीत पीठ. वहिनीनं मला भाकरीला बसवलं. थोड्या थापल्या, खांदा कुरकुरायला लागला, तशी मी परात बाजूला सारली. म्हणाले, "आता न्हाय जमायचं. दुखतंय." चुलती म्हणाली, "तुझी आई असं कधी म्हणाली न्हाय."

"व्हय," मी म्हणाले, "म्हणून ती आज हितं न्हाय."

वहिनीनं परात ओढून घेतली. पावणं उशिरा जेवले आणि पोटभर जेवले.

तुला दुखवायला हे लिहीत नाही. तुझं सगळं घेतलं, तुझं मरण तेवढं घेणार नाही. हा कागद कुठं धाडायचा नाही, म्हणून एक सांगून टाकते. हल्ली मी दुपारी आडवी होते. पण बाहेर कडी वाजली की अजून धडपडून उठते आणि हातात केरसुणी घेऊनच दार उघडते.