शेपूट आधी की बेडूक?

तीर्थरूप वॉल्टरदादास, धाकट्या एल्बर्टचा टेक्ससहून नमस्कार.

तुझी कंबर कशी आहे? वहिनींना अर्जेंटिनाचं पाणी मानवलं का? इकडे सर्वांच्या प्रकृती ठीक आहेत, माझं डोकं सोडून.

तू पाठवलेला शिंगवाला बेडूक पोचला. मी शर्यतीसाठी दांडगा शिंगवाला बेडूक मागितला होता हे खरं, पण आपल्या गावात त्या नावाने काटेरी सरडा धावतो हे तू (इथेच जन्मून) विसरलास कसा? हा तर खराखुरा बेडूक निघाला, भाकरीएवढा, आणि सगळं अंग म्हणजे तोंडच. दुसरा सरडा शोधायला वेळ नव्हता, आणि माघार घेणं शक्य नव्हतं. कारण पोस्टातल्या वर्नाबाईंना (नवरा जाऊन बरीच वर्षं झाली) मी मागणी घातली, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "आधी माझ्या डीकनला हरवा, मग बघू." डीकन म्हणजे त्यांचा सरडा. आजवर कधी हरला नव्हता.

चार जुलैला चर्चमागे नेहमीसारखं चुन्याचं रिंगण आखलं. नियम तोच, रेषा आधी ओलांडेल तो जिंकला. पाद्रीबुवांनी मधोमध सगळ्यांवर पालथी घातलेली बादली उचलली. बाकीचे सरडे मुंग्या दिसताच जेवायला बसले. तुझा बेडूक ढिम्म. डीकन त्याच्या तोंडासमोरून निघाला आणि दिसेनासा झाला, नुसती शेपूट बाहेर. आत त्याने या सरड्यांच्या रीतीप्रमाणे डोळ्यांतून रक्ताची पिचकारी मारली असावी, कारण बेडकाने डोळे मिटले, दोन उड्यांत रिंगणाबाहेर गेला आणि डीकनला थुंकून टाकलं. डीकन सुखरूप आहे. फक्त माझ्याकडे बघत नाही.

आता गावात दोन तट पडलेत. न्हावी हॉइट म्हणतो, "रेषा आधी शेपटीने ओलांडली, डीकन जिंकला." त्याचीच बायको म्हणते, "अहो, पण त्याला नेलं कोणी?" पाद्रीबुवा प्रार्थना करून सांगतो म्हणाले, ते अजून प्रार्थनाच करताहेत. वर्नाबाई मला तिकिटं देतात, पण निकाल देत नाहीत. दादा, मला ही बाई मनापासून हवी आहे. मी जिंकलोय की हरलोय, एवढं तरी कोणी सांगा.

तुझा,
एल्बर्ट

ता. क. पत्राचं खरं कारण हे: पाद्रीबुवांना लिही की तिकडे अर्जेंटिनात गिळलेला प्राणी गिळणाऱ्याच्याच खात्यात धरतात.

ता. क. २. पाकीट बंद करायला पोस्टात गेलो, तर वर्नाबाईंनी पत्र काढून तिथेच वाचलं. म्हणाल्या, "शेपूट आधी गेली. तुम्ही हरलात. आणि हरलेल्याला कोण विचारतंय? लग्न सप्टेंबरात." तेव्हा पाद्रीबुवांना काही लिहू नकोस. दोघं लग्नाला या, आहेर जिवंत आणू नका. नक्की कोण जिंकलं हे मला अजून कळलेलं नाही, आणि आता विचारायची छाती नाही.