थॉर्नलीचा कठडा

क्लिफर्ड भावोजी,

शुक्रवारी सकाळी आमच्या थॉर्नली संघाच्या सतरा जर्सी धुऊन दोरीवर घालत होते, तेव्हा तुमचा फोन आला.

"वहिनी, वर्षात तिसरा प्रशिक्षक पळाला, सलग अकरा सामने हरलात. आता आमच्या क्लबात या. रग्बीत जिंकतातही, हे तरी कळेल."

"जिंकणाऱ्यांना जर्सी धुणारी कुठेही मिळेल," मी म्हणाले.

एक मात्र बोलले नाही, आणि हे पत्रही टाकणार नाही. चर्चच्या आवारात तुम्ही फुलं ठेवता, तिथे विल्फची, तुमच्या भावाची, अर्धीच राख आहे. उरलेली मी थॉर्नलीच्या मैदानात गोलखांबाखाली पुरली. त्यानेच सांगितलं होतं. त्याला तिथे सोडून मी तुमच्या गावात टाळ्या वाजवू?

दुसऱ्या दिवशी सामन्याला मी मैदानाच्या कठड्याशी उभी राहिले. आम्ही चाळीस गुणांनी हरलो. शेवटच्या शिट्टीपर्यंत मी हलले नाही.

तुमची वहिनी,
म्युरिएल