आईंना इंग्रजी शिकवताना

१२ जून १९८४, अंधेरी
सासूबाईंचं आज फर्मान — "नलिनी, माका इंग्रजी शिकव!" वय एकसष्ट. वाचन पोथीपुरतं. मला हसूच आलं. "आता कशाला, आई?"
"तुमी दोघां माझ्या म्होरां फाडफाड करतात. माका कायएक कळना नाय."
हसू गेलं. एका खोलीत तिघं. खासगी बोलायला आडोसा नाही, म्हणून मी आणि हे इंग्रजीत बोलतो.

१५ जून
नाउन म्हणजे नाम. आई, बोंबील, अंधेरी — सगळी नामं. पटलं. प्रोनाउनला अडतील वाटलं, तर म्हणतात, "घोवाचा नाव घेवचा नाय म्हणान आमी 'ते' म्हणतो, तसाच मां?"
तसंच! झकास.

१९ जून
व्हर्ब म्हणजे क्रियापद. "म्हंजे काम. ह्या घरात तां माझ्याकडेच!"

२४ जून
यांना भारी कौतुक. "शिकू दे गं, तेवढाच विरंगुळा." आणि जेवताना, आईंसमोरच, इंग्रजीत सुरू — बोरिवलीचा ब्लॉक नक्की. ही खोली विकायची. "मदर विल नॉट कम." तिला मालवणला तिच्या भावाकडे पाठवू.
मी "येस, येस" करत राहिले. आईंनी यांना आणखी एक भाकरी वाढली.

२५ जून
भांडी आवरताना आईंनी विचारलं, "विल म्हंजे काय गो?"
"भविष्यकाळ. पुढे होणार ते."
"आणि नॉट?"
काहीही सांगता आलं असतं. त्या कुणाला विचारायला जाणार होत्या?
"नॉट म्हणजे नाही, आई."
"मदर तां माका येता," म्हणाल्या, आणि पातेलं घासत राहिल्या. घासून झालेलं पातेलं!

२६ जून
आज शिकवणी नाही. त्यांनी विचारलं नाही, मी बसवलं नाही.

२ जुलै
यांनी कागद पुढे केले. खोली आईंच्या नावावर, सही त्यांचीच लागणार. आईंनी चष्मा लावला. पेन उचललं. खाली ठेवलं.
"आय विल नॉट साइन, जयवंता."
व्याकरणाची एक चूक नाही! हे माझ्याकडे वळले — "तुझेच प्रताप!"

३ जुलै
यांनी आईंसमोरच विचारलं — इंग्रजीत — आता करायचं काय?
मी मराठीत सांगितलं. "तुम्ही जा बोरिवलीला. मी आईंजवळ राहते."