तुएतबाईंची डबी

हानोई, ४ मार्च १९३६
आज रेशीमगल्लीत तुएतबाईंच्या दुकानात कामाला लागले. माडीवर स्वतंत्र खोली मिळाली, खिडकीतून अख्खी गल्ली दिसते. सकाळी शेवयांचा गरम रस्सा पोटभर प्यायले. बाईंनी माझं अक्षर पाहिलं, बोटं पाहिली, मग म्हणाल्या, "थोआ, हसून दाखव." मी हसले. माझे दात काळेभोर. तेराव्या वर्षी आईने स्वतः लाखेचा लेप चढवला, पंधरा दिवस मला पेजेवर ठेवलं. गावात या दातांचं केवढं कौतुक. बाई म्हणाल्या, गिऱ्हाइकांना आता पांढरे दात आवडतात; महिन्याभरात पांढरे कर, नाहीतर परत जा.
परत गेले तर मामा गावातल्या एका विधुर म्हाताऱ्याशी लग्न लावून देणार.

७ मार्च
दुकानातली दुसरी मुलगी मिएन. तिचे दात तांदळासारखे. तिला उपाय विचारले. न्हावी तेजाब लावतो, एका दिवसात लेप जातो, पण हिरड्या भाजतात. दंतवैद्य यंत्राने खरवडतो; त्यात एकीचा दात उभा तडकला. करवंटीचा कोळसा सुपारीच्या सालीने घासला तर धोका नाही, वेळ मात्र फार. तू काय केलंस, विचारलं. ओठ जेमतेम उघडत म्हणाली, "तू कोळसाच घे गं. दुसऱ्या कुणाचं ऐकू नकोस."

१९ मार्च
बारा दिवस घासतेय. एका दाताची कड तेवढी करडी झाली. हिरड्यांतून रक्त येतं. आज बाईंनी चिनीमातीची एक डबी दिली, आत कसलंसं मलम. म्हणाल्या, मिएननेही हेच लावलं, तीन दिवस पुरेत. मिएन कापडाच्या घड्या घालत होती. तिने मान वर केली नाही.

२० मार्च
मामाचं पत्र आलं. म्हातारा थांबायला तयार नाही. डबी उघडली.

२३ मार्च
पांढरेशुभ्र. आरशात मीच मला अनोळखी वाटले. बाई खूश. भात मात्र घशाखाली उतरत नाही.

२६ मार्च
जिभेने दात मोजले. सकाळी अठ्ठावीस. दुपारी एकतीस. चुकले असेन.

२८ मार्च
चुकले नव्हते. मिएनला माडीवर बोलावलं, म्हटलं, मोज. तिने स्वतःचंच तोंड उघडलं. दातांच्या दोन ओळी. मागे तिसरी फुटत होती.
म्हणाली, "भात सोड. या दातांना भात नको असतो."

३० मार्च
ओठ मिटत नाहीत. गिऱ्हाइकाच्या मनगटावर रेशीम धरलं — तोंडाला पाणी सुटलं — हात मागे घेतला. बाई बघत होत्या. हसत होत्या.

१ एप्रिल
आई आलीय. मिएननेच निरोप धाडला असणार. कडी आतून लावून घेतली. ओरडले, जा. तिला वाटतं, मला दातांची लाज वाटते. दाराला टेकून बसलीय. म्हणते, "पांढरे तर पांढरे गं. पोर माझीच ना तू?"
फटीतून तिचा वास —
जीभ कापली. लिहिताना कागदावर ठिपके —
पुन्हा सांगितलं, जा. शब्द नीट फुटत नाहीत. तिला वाटतं मी रडतेय. "उघड, बाळ," म्हणते —
मी उठलेली नाही. हात कडीवर कसा —
आई, पळ. आई, आत ये. आई