महालक्ष्म्यांच्या आधीची गोळी

१८ ऑगस्ट
अमरावतीहून परत अकोल्याला. दवाखान्यात दोन तास, डॉ. बाईंच्या खोलीत सात मिनिटं. गोठवलेला एकच गर्भ उरलाय. आत ठेवायचे दोन मार्ग. गोळ्यांचा: पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून औषधं, तारीख आपल्या हातात, पुढे रोज इंजेक्शन. नैसर्गिक: बीज शरीरच तयार करणार, पण दिवसाआड सोनोग्राफी, तारीख आधी कळणार नाही. "पाळी नियमित आहे तुमची. दोन्हीत फार फरक नाही. तुम्ही ठरवा." तुम्ही ठरवा म्हटलं की मला झोप येते.

२१ ऑगस्ट
मार्चमधला गर्भ गोळ्यांवरच ठेवला होता. राहिला नाही. तेव्हा खूप रडले होते म्हणे. आता शेजारणीचं काही आठवावं तसं आठवतं.
विनोदचं मत गोळ्या. "अमरावतीच्या किती खेपा मारशीन? शाळेतून सुटी कोण देऊन राहिलं तुले?"
बरोबरच आहे नवऱ्याचं. तरी एकदा या शरीरानं स्वतःहून काहीतरी करावं, असं वाटतं.

२४ ऑगस्ट
ठरलं. नैसर्गिक. पाळी ३१ ला. शाळेत रजेचा अर्ज दिला. कारण: घरगुती. विनोद "बरं" म्हणाला. सासूबाईंना दवाखाना चालू आहे एवढंच माहीत.

२८ ऑगस्ट
महालक्ष्म्यांची झाडझूड. मुखवटे काढले, पुसले. सोळा भाज्यांची यादी. सकाळी सासूबाईंनी चहासोबत पाळी लांबवायची गोळी हातावर ठेवली, दरवर्षीसारखी. "घे वं बाई. ऐन लक्ष्म्याईत अडचण नको. सैपाक कोन करन?" घेतली. पुरणाची डाळ उद्या निवडायची.

३१ ऑगस्ट
लक्ष्म्या आल्या. कॅलेंडरवर आजच्या तारखेभोवती माझाच गोल. पाळी नाही. चार-पाच सेकंद भलतीच आशा वाटली.
मग गोळी आठवली. चार दिवस रोज घेतेय. नऊ वर्षांची सवय, हात आपोआप पुढे होतो. कुणावर चिडू? नैवेद्याच्या आंबिलीला हळद, मीठ. दाराशी पावलं काढली.

३ सप्टेंबर
लांबवायची गोळी काल बंद केली. आज डॉ. बाईंना फोन. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. या महिन्यात नैसर्गिक नको म्हणाल्या, बीज वेळेवर येईल याचा भरवसा नाही. पाळी आली की दवाखान्याच्या गोळ्या सुरू करा, नाहीतर महिनाभर थांबून मग नैसर्गिक.
विनोद: "कावून घेतली मग?" सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. ऐकलं असणार.

५ सप्टेंबर
सकाळी पाळी आली. मागच्या खोलीत बसले. आमच्याकडे चार दिवस चहाचा कप उंबऱ्याशी ठेवतात, आपण उचलायचा. आज सासूबाई आत आल्या. कप माझ्या हातात दिला आणि पलंगावर माझ्याजवळ बसल्या. लग्नापासून पहिल्यांदा.
"मले मालूम असतं त देली असती का वं?"
रडू येईल वाटलं, नाही आलं. त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर बराच वेळ होता, जड.

६ सप्टेंबर
दुसरा दिवस. गोळ्या घ्यायच्या तर आजच. दवाखान्यातून सिस्टरचा फोन. "मॅडम, सुरू करायच्या की थांबायचं? सहापर्यंत सांगा."
मागच्या वेळची पाकिटं कपाटात होती, ती काढून ठेवलीत. विनोद म्हणतो, तू म्हणशीन ते. सासूबाई दारातून दोनदा बघून गेल्या, आज काही घे म्हणाल्या नाहीत.
साडेपाच झाले. पाण्याचा ग्लास भरून ठेवलाय.